युनिक्स मशिनांवर एचटीकॉन्डर: एका मशिनपासून अख्ख्या पूलपर्यंत

एकच प्रोग्राम आणि त्याला द्यायचे हजार वेगवेगळे इनपुट, अशा कामांसाठी हा लेख आहे. सिम्युलेशन असेल, हजारो चित्रांवरची प्रक्रिया असेल किंवा एखाद्या मॉडेलची वेगवेगळ्या आकड्यांवर घ्यायची चाचणी असेल. एका मशिनवर आठवडा खाणारं काम वीस मशिनांवर वाटलं तर रात्रीत उरकतं. ही वीस मशिनं बहुतेकदा आधीच हाताशी असतात, संध्याकाळनंतर नुसती चालू. एसएसएचने एकेका मशिनवर जाऊन काम सोडणं दोन-तीन मशिनांपर्यंत जमतं. पुढे कुठलं मशीन मध्येच बंद पडलं, कुठला तुकडा राहिला, कुठला दोनदा चालला, हा हिशेबच मूळ कामाहून मोठा होऊन बसतो.

तो हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे एचटीकॉन्डर. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात १९८८ साली ते ‘कॉन्डर’ या नावाने सुरू झालं आणि २०१२ मध्ये त्याच्या नावामागे ‘एचटी’ लागलं. अपाची लायसन्सखाली ते फुकट मिळतं. एकच मोठा जॉब शेकडो कोअरवर एकदम चालवायचा असेल आणि त्या कोअरना सतत एकमेकांशी बोलावं लागत असेल, तर स्लर्म या जॉब वाटणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळलेलं बरं. सुटे-सुटे, एकमेकांवर न अवलंबणारे जॉब पुष्कळ असतील, शिवाय मशिनं एकसारखी नसतील आणि पूर्णवेळ तुमची नसतील, तर एचटीकॉन्डरला तोड नाही.

इन्स्टॉलेशन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पूल, म्हणजे एकत्र जोडलेली ही सगळी मशिनं, अडतो तो तीन ठिकाणी: मशिनांची नावं, एकमेकांवरचा विश्वास, आणि कुणाच्या मशिनवर काय केव्हा चालवायचं याचं धोरण. म्हणून पॅकेजला थोडी आणि या तिघांना जास्त जागा दिली आहे. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टंकायची, मधले अंडरस्कोर मात्र जसेच्या तसे.

आधी कागदावर

पूलमध्ये तीन भूमिका असतात. सेंट्रल मॅनेजर एकच. त्यावर कलेक्टर आणि निगोशिएटर हे दोन डीमन, म्हणजे मागे सतत चालू राहणारे प्रोग्राम, चालतात. ॲक्सेस पॉइंट म्हणजे लोक लॉगिन करून जॉब सोडतात ते मशीन. तिथे स्केडडी रांग सांभाळतो. बाकीची सगळी मशिनं एक्झिक्युशन पॉइंट, तिथे स्टार्टडी. या सगळ्यांवर मास्टर नावाचा एक डीमन असतोच. बाकीच्यांना उठवणं आणि पडले तर पुन्हा उभं करणं हे त्याचं काम. जुन्या लेखांत सबमिट नोड आणि एक्झिक्युट नोड असे शब्द भेटतील, ते याच दोन भूमिकांचे.

काम कसं जुळतं तेवढं एकदा नीट समजून घ्या, पुढे लॉग वाचताना उपयोगी पडेल. प्रत्येक स्टार्टडी स्वतःची जाहिरात कलेक्टरकडे पाठवतो: माझ्याकडे इतके कोअर, इतकी मेमरी, अमुक आर्किटेक्चर. या जाहिरातीला क्लासॲड म्हणतात. जॉबचीही तशीच जाहिरात असते: मला एवढं एवढं लागतं. निगोशिएटर साधारण मिनिटाला एकदा दोन्हीकडच्या जाहिराती समोर घेऊन जोड्या लावतो आणि बाजूला होतो. पुढचा व्यवहार ॲक्सेस पॉइंट आणि एक्झिक्युशन पॉइंट यांच्यात थेट होतो. चालत्या प्रत्येक जॉबमागे ॲक्सेस पॉइंटवर एक शॅडो आणि एक्झिक्युशन पॉइंटवर एक स्टार्टर असतो. याचा एक फायदा म्हणजे सेंट्रल मॅनेजर तासभर बंद पडला तरी चालू जॉब चालत राहतात, फक्त नव्या जोड्या जुळत नाहीत.

सेंट्रल मॅनेजरला फारशी ताकद लागत नाही, पण तो सतत चालू हवा. ॲक्सेस पॉइंटला मात्र मेमरी आणि वेगवान लोकल डिस्क द्या, कारण एकावेळी हजार जॉब चालले तर हजार शॅडो तिथेच उभे राहणार. लहान पूलमध्ये या दोन भूमिका एकाच मशिनवर ठेवायला हरकत नाही. पुढच्या उदाहरणांत मी सेंट्रल मॅनेजरला ‘मुख्य’, ॲक्सेस पॉइंटला ‘दार’ आणि काम करणाऱ्या मशिनांना ‘गडी१’, ‘गडी२’ अशी नावं दिली आहेत.

नावं आणि घड्याळं

प्रत्येक मशिनचं पूर्ण नाव डोमेनसकट ठरलेलं हवं आणि ते सगळ्या मशिनांवरून एकाच आयपी पत्त्याकडे जायला हवं. डीएनएस नसेल तर सगळीकडे एकसारखी होस्ट्स फाइल चालते. डेबियन आणि उबुंटूवर एक खोच आहे. इन्स्टॉलर होस्ट्स फाइलमध्ये मशिनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ या पत्त्याला जोडून ठेवतो. मग डीमन इतरांना चुकीचा पत्ता सांगण्याची शक्यता राहते आणि पूल अर्धवट चालल्यासारखा दिसतो. ती ओळ काढा आणि तिथे खरा पत्ता लिहा. मशिनला दोन नेटवर्क कार्ड असतील तर नेटवर्क_इंटरफेस या सेटिंगमध्ये कुठल्या पत्त्यावर बोलायचं ते सांगून टाका, नशिबावर सोडू नका.

घड्याळं एनटीपीने जुळवून घ्या. मशिनं एकमेकांना ओळख पटवायला जे टोकन दाखवतात, त्यावर दिल्याची आणि संपण्याची वेळ असते. एखादं मशीन मागे-पुढे असेल तर तिथल्या चुका विनाकारण गूढ वाटतात.

फायरवॉलमध्ये प्रत्येक मशिनवर ९६१८ हा टीसीपी पोर्ट उघडा. सगळे डीमन शेअर्ड पोर्टच्या मागून याच एका पोर्टवर बोलतात, त्यामुळे पूर्वीसारखी पोर्टची लांबलचक रेंज उघडावी लागत नाही. मात्र संवाद दोन्ही बाजूंनी होतो: गडी१ ला दारापर्यंत पोचता आलं पाहिजे आणि दारालाही गडी१ पर्यंत. गडी नॅटच्या मागे, म्हणजे बाहेरून थेट पोचता न येणाऱ्या खासगी नेटवर्कमध्ये असतील तर त्यांच्यावर सीसीबी_ॲड्रेस या सेटिंगला कलेक्टरचा पत्ता द्या. मग आतल्या मशिनला बाहेरून हाक मारायचं काम कलेक्टर करतो.

आधी एकाच मशिनवर

थेट वीस मशिनांवर उडी घेऊ नका. एक रिकामं लिनक्स मशीन घ्या आणि प्रकल्पाच्या संकेतस्थळावरची गेट_एचटीकॉन्डर ही स्क्रिप्ट डाउनलोड करा. नुसती चालवली तर ती काहीच बदलत नाही, आपण काय-काय करणार आहोत तेवढं छापून दाखवते. ते वाचा. कुठली रिपॉझिटरी जोडणार, कुठली पॅकेजं घेणार, सगळं त्यात दिसतं. पटलं की हीच स्क्रिप्ट रूट म्हणून ‘नो-ड्राय-रन’ हा पर्याय देऊन पुन्हा चालवा. भूमिका सांगितली नाही तर ती मिनी-कॉन्डर बसवते, म्हणजे तिन्ही भूमिका एकाच मशिनवर.

चॅनल निवडायला सांगितलं तर एलटीएस घ्या. ज्या आवृत्तीत टिंबानंतर शून्य असतं ती एलटीएस मालिका, तिथे फक्त दुरुस्त्या येतात. आवृत्त्यांचे आकडे २०२३ मध्ये दहावरून एकदम तेवीसवर गेले. मधल्या आवृत्त्या कुठे हरवल्या म्हणून शोधत बसू नका, आकडा वर्षाशी जोडला एवढंच.

मॅकओएसवर किंवा जिथे रूट मिळत नाही अशा मशिनवर टारबॉल घ्यायचा, सोडवायचा आणि त्यातली मेक-पर्सनल-फ्रॉम-टारबॉल ही स्क्रिप्ट चालवायची. असा पूल फक्त तुमच्या स्वतःच्या युजरखाली चालतो. शिकायला उत्तम. बहुयुजर पूलसाठी मात्र मास्टर रूट म्हणूनच सुरू व्हायला हवा, कारण जॉब त्या-त्या युजरच्या नावाने चालवायचा तर युजर बदलण्याचा हक्क लागतो.

आता सिस्टमसीटीएलने कॉन्डर ही सर्व्हिस चालू आहे का बघा आणि कॉन्डर_स्टेटस ही कमांड द्या. स्लॉट१@… अशी एक ओळ (स्लॉट म्हणजे जॉब चालवायची मशिनवरची जागा), पुढे अनक्लेम्ड आणि आयडल असं दिसलं की मशीन तयार आहे. कॉन्डर_क्यू रिकामी रांग दाखवेल. सुरू करून दहा सेकंदांत कॉन्डर_स्टेटसने काहीच दाखवलं नाही तर घाबरू नका, पहिली जाहिरात कलेक्टरपर्यंत पोचायला थोडा अवधी लागतो.

पहिला जॉब

रूट नसलेल्या साध्या युजरने एक फोल्डर करा. त्यात मोज.एसएच नावाची छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा: मशिनचं नाव छापायचं, मिळालेला आकडा छापायचा, वीस सेकंद झोपायचं. शेजारी मोज.सब ही सबमिट फाइल:

एक्झिक्युटेबल = मोज.एसएच
आर्ग्युमेंट्स = $(प्रोसेस)
आउटपुट = निकाल.$(प्रोसेस)
एरर = चूक.$(प्रोसेस)
लॉग = मोज.लॉग
रिक्वेस्ट_सीपीयूज = १
रिक्वेस्ट_मेमरी = २०० एमबी
रिक्वेस्ट_डिस्क = ५० एमबी
क्यू १०

‘क्यू १०’ म्हणजे हाच जॉब दहा वेळा, आणि $(प्रोसेस) च्या जागी ० ते ९ हे आकडे आपोआप येतात. कॉन्डर_सबमिट मोज.सब असं द्या. एक क्लस्टर नंबर मिळेल. हजार जॉबांसाठी फक्त दहाचे हजार करायचे, बाकी फाइल तीच राहते.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट इथे हमखास अडते. ओळींच्या शेवटी जादाचं अदृश्य अक्षर राहतं, मग पहिल्या ओळीतला शेलचा पत्ता युनिक्सला सापडत नाही आणि जॉब होल्डवर जातो, म्हणजे माणसाने बघेपर्यंत अडकून राहतो. फाइल समोर दिसत असताना ‘अशी फाइलच नाही’ असा संदेश येतो, म्हणून माणूस चक्रावतो. डॉसटूयुनिक्स चालवलं की प्रश्न मिटतो.

पूल जोडणं आणि विश्वास

एकट्या मशिनवरचा जॉब सुटला की खरा पूल. ‘मुख्य’ मशिनवर तीच स्क्रिप्ट ‘सेंट्रल-मॅनेजर’ हा पर्याय आणि मुख्यचं पूर्ण नाव देऊन चालवा, ‘दार’ वर ‘सबमिट’ आणि गडी मशिनांवर ‘एक्झिक्युट’. तिन्हीकडे मुख्यचं तेच नाव आणि तोच पूल पासवर्ड द्यायचा. पासवर्ड कमांडमध्ये थेट टंकलात तर तो शेलच्या हिस्टरीत राहतो, तेवढं नंतर पुसून टाका. मुख्य आधी, मग दार, मग फक्त गडी१. बाकीच्यांना अजून हात लावू नका.

त्या पासवर्डचं पुढे काय होतं? तो /ईटीसी/कॉन्डर/पासवर्ड्स.डी या फोल्डरमध्ये पूल नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो आणि त्याच्यावरून टोकनांवर सही होते. तयार टोकन /ईटीसी/कॉन्डर/टोकन्स.डी मध्ये राहतं. डीमन कलेक्टरकडे गेला की आधी टोकन दाखवतो, कलेक्टर सही ताडून बघतो, मगच जाहिरात स्वीकारतो. आवृत्ती ९ पासून ही कडक सुरक्षा मूळचीच आहे. इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत ‘अलाऊ_राइट = *’ ही एक ओळ टाकली की झालं, असं सापडेल. तो सल्ला सोडून द्या. बॅच सिस्टम म्हणजे दुसऱ्याच्या मशिनवर मनाजोगती कमांड चालवण्याची सोय, आणि तिला कुलूप नसेल तर ती कुणालाही वापरता येते.

सही करायची किल्ली प्रत्येक गड्यावर ठेवायलाच हवी असं नाही. कलेक्टरला ओळख पटवण्यापुरतं टोकन मशिनकडे असलं तरी पुरतं. ज्या मशिनांवर इतर लोकांचा वावर आहे, तिथे मी फक्त टोकनच ठेवतो. ते मुख्यवर कॉन्डर_टोकन_क्रिएटने तयार करता येतं, किंवा गड्यावरून कॉन्डर_टोकन_रिक्वेस्टने मागणी करायची आणि मुख्यवर कॉन्डर_टोकन_रिक्वेस्ट_अप्रूव्हने मंजूर करायची. टोकन फाइलची मालकी रूटकडे आणि परवानगी ६०० ठेवा.

गडी१ जोडल्यावर दारावरून कॉन्डर_स्टेटस द्या. नाव दिसलं तर उत्तम. नाही दिसलं तर गडी१ वर रूट म्हणून कॉन्डर_पिंगने कलेक्टरला विचारा: ओळख कुठल्या पद्धतीने पटली, आणि आपण त्याला कोण म्हणून दिसतो. सोबत मुख्यवर /व्हार/लॉग/कॉन्डर मधला कलेक्टरलॉग उघडा. ‘परमिशन डिनाइड’ अशी ओळ असेल तर प्रश्न टोकनचा आहे. गडी१ चा काहीच उल्लेख नसेल तर हाक मुख्यपर्यंत पोचलेलीच नाही, म्हणजे नाव किंवा फायरवॉल. या एका फरकाने शोध निम्म्यावर येतो.

कॉन्फिग फाइलींची शिस्त

मूळ कॉन्डर_कॉन्फिग फाइलला हात लावू नका, अपग्रेडमध्ये ती बदलू शकते. आपले बदल /ईटीसी/कॉन्डर/कॉन्फिग.डी या फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइलींत ठेवा. त्या नावाच्या अक्षरक्रमाने वाचल्या जातात आणि शेवटी वाचलेलं जिंकतं. म्हणून ‘५०-स्लॉट’, ‘६०-धोरण’ अशी आकड्याने सुरू होणारी नावं सोयीची पडतात.

याच फोल्डरमध्ये एक सापळा आहे. फाइल बदलण्यापूर्वी सवयीने तिची प्रत .बॅक अशी शेपूट लावून ठेवली, तर एचटीकॉन्डर तीही इमानेइतबारे वाचतो, आणि अक्षरक्रमात ती मूळ फाइलच्या नंतर येत असल्यामुळे जुनीच सेटिंग लागू राहतात. शेवटी टिल्डा असलेल्या किंवा टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली तो वगळतो, .बॅक नाही. जुन्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा.

सेटिंग खरोखर काय लागू आहे, हे डोळ्यांनी फाइली वाचून ठरवू नका. कॉन्डर_कॉन्फिग_व्हॅलला ‘-व्ही’ आणि सेटिंगचं नाव द्या. किंमत कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीतून आली तेही तो सांगतो. बदल केल्यावर बहुतेकदा कॉन्डर_रीकॉन्फिग पुरतं. स्लॉटची मांडणी किंवा नेटवर्कचा पत्ता बदलला असेल तर कॉन्डर_रीस्टार्ट लागतं.

युजर आणि फाइली

जॉब दुसऱ्या मशिनवर कुणाच्या नावाने चालणार? हे यूआयडी_डोमेन ठरवतं. मूळ किंमत प्रत्येक मशिनचं स्वतःचं पूर्ण नाव, म्हणजे प्रत्येकाचं डोमेन वेगळं. अशा वेळी एचटीकॉन्डर सावधपणे जॉब नोबडी या जवळजवळ कसलेच हक्क नसलेल्या युजरखाली चालवतो. सगळ्या मशिनांवर तेच युजर आणि तेच यूआयडी (युजरचे नंबर) असतील, मग ते एलडॅप या सामायिक युजर-यादीमुळे असोत की हाताने केलेले, तर सगळीकडे यूआयडी_डोमेन एकच द्या. नसतील तर नोबडी वाईट नाही, फक्त सामायिक फोल्डरमध्ये लिहिता येणार नाही.

फाइलसिस्टम_डोमेनचंही तसंच. दोन मशिनांचं हे डोमेन सारखं असेल तर एचटीकॉन्डर धरून चालतो की डिस्क सामायिक आहे आणि फाइली पाठवायची गरज नाही. एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून वाटलेली डिस्क, खरोखर सगळीकडे एकाच पत्त्यावर माउंट असेल तरच हे सारखं करा. डोमेन सारखं आणि माउंट मात्र अर्ध्याच मशिनांवर, अशी स्थिती असली की काही जॉब नीट चालतात, काही फोल्डर सापडत नाही म्हणून होल्डवर जातात, आणि दोष प्रोग्रामवर येतो.

माझं मत विचाराल तर एनएफएस असूनही सबमिट फाइलीत शुड_ट्रान्सफर_फाइल्स = येस लिहावं आणि लागणाऱ्या फाइली ट्रान्सफर_इनपुट_फाइल्समध्ये नावानिशी सांगाव्यात. शंभर जॉब एकदम एकाच एनएफएस सर्व्हरवर लिहायला लागले की सर्व्हर गुडघे टेकतो. फाइली पाठवल्या तर जॉब गड्याच्या लोकल डिस्कवर चालतो आणि निकाल संपल्यावर परत येतो. एचटीकॉन्डरचे स्वतःचे स्पूल, लॉग आणि एक्झिक्युट हे तीन फोल्डर तर लोकल डिस्कवरच हवेत.

स्लॉट आणि मेमरी

पूर्वी आठ कोअरचं मशीन आठ सारख्या स्लॉटांत कापलं जायचं, मग एका जॉबला जास्त मेमरी हवी असली की मशिनात ती असूनही देता येत नसे. आवृत्ती २३ पासून अख्खं मशीन एकच विभाजनक्षम स्लॉट म्हणून उभं राहतं आणि जॉब जेवढं मागेल तेवढा तुकडा त्यातून कापला जातो. चालू जॉबच्या नावात स्लॉट१_१, स्लॉट१_२ दिसतं ते हेच.

म्हणूनच सबमिट फाइलीतले तीन रिक्वेस्ट आकडे शोभेचे नाहीत. मेमरी कमी मागितली आणि जॉबने जास्त वापरली तर तो होल्डवर जाऊ शकतो. जास्त मागितली तर मशिनं रिकामी दिसत असूनही जागा मिळत नाही. पहिले दहा जॉब चालवून त्यांची लॉग फाइल बघा. शेवटी मागितलेलं आणि वापरलेलं यांचे रकाने येतात, त्यावरून पुढच्या हजारांचा आकडा ठरवा. मशिनवर इतर कामं असतील तर रिझर्व्ह्ड_मेमरी या सेटिंगने काही मेमरी एमबीमध्ये बाजूला काढून ठेवा.

धोरण: कुणाचं मशीन, केव्हा

गडी फक्त याच कामासाठी असतील तर ‘यूज पॉलिसी : ऑलवेज_रन_जॉब्ज’ ही एक ओळ पुरे. एखाद्याच्या टेबलावरचं मशीन वापरायचं असेल तर मालकाचा हक्क पहिला, आणि तो कॉन्फिगमध्ये लिहिलेला हवा. ‘यूज पॉलिसी : डेस्कटॉप’ लिहिलं की कीबोर्डला पंधरा मिनिटं हात लागला नसेल आणि लोड कमी असेल तेव्हाच जॉब सुरू होतो. मालक परतला की जॉब थांबवला जातो, आणि मालक उठलाच नाही तर काही वेळाने मशिनवरून हलवला जातो. यात एक अडचण आहे. ग्राफिकल डेस्कटॉपवरचा यूएसबी कीबोर्ड स्टार्टडीला दिसेलच असं नाही. त्यासाठी कॉन्डर_केबीडीडी हा वेगळा डीमन मशिनवर चालू लागतो. तो नसेल तर मालक टंकत असताना जॉब सुरू होतात आणि तक्रार तुमच्याकडे येते.

वेळेवर धोरण ठरवायचं असेल तर क्लॉकमिन वापरा, म्हणजे मध्यरात्रीपासूनची मिनिटं, आणि क्लॉकडे, म्हणजे वार (रविवार ०). रविवारी दिवसभर आणि इतर दिवशी संध्याकाळी सात ते सकाळी आठ:

स्टार्ट = (क्लॉकडे == ०) || (क्लॉकमिन < ४८०) || (क्लॉकमिन >= ११४०)

ही अट फक्त नवा जॉब घ्यायचा की नाही एवढंच ठरवते. पावणेआठला सुरू झालेला चार तासांचा जॉब आठ वाजता आपोआप उठणार नाही. त्याला उठवायचं तर प्रीएम्प्टची वेगळी अट लागते आणि मॅक्सजॉबरिटायरमेंटटाइममध्ये किती सेकंद सवलत द्यायची ते सांगता येतं. उठवलेला जॉब रांगेत परत जातो आणि दुसरीकडे पहिल्यापासून चालतो, त्यामुळे स्वतःची प्रगती फाइलीत साठवणारे प्रोग्राम नसतील तर जॉब तासाभराच्या आतले ठेवा. फार बारीकही नको. दहा सेकंदांच्या जॉबचा निम्मा वेळ नेण्या-आणण्यातच जातो.

जॉब नुसताच उभा आहे

हा प्रश्न रोजचा. कॉन्डर_क्यूमध्ये जॉब आयडल दिसतो, कॉन्डर_स्टेटसमध्ये मशिनं रिकामी. पहिली दोन-तीन मिनिटं काही करू नका, निगोशिएटरची फेरी होऊ द्या. तरी हलला नाही तर कॉन्डर_क्यूला ‘-बेटर-ॲनलाइझ’ आणि जॉबचा नंबर द्या. जॉबच्या प्रत्येक अटीपुढे ती किती स्लॉट पूर्ण करतात याचा आकडा येतो. ज्या ओळीपुढे शून्य, तिथे अडलंय.

तुम्ही न लिहिलेल्या अटीही तिथे दिसतील. सबमिट केलेल्या मशिनचं आर्किटेक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टम या दोन अटी एचटीकॉन्डर स्वतः जोडतो. एआरएम चिपच्या मॅकवरून लिनक्सच्या पूलमध्ये सोडलेला जॉब म्हणूनच अनंतकाळ आयडल राहतो. स्क्रिप्ट दोन्हीकडे चालणारी असेल तर रिक्वायरमेंट्समध्ये ऑपसिस आणि आर्कची अट स्वतः लिहा, मग मूळची जोडली जात नाही.

अटी सगळ्या जुळतात पण नंबर लागत नाही, असं असेल तर कॉन्डर_युजरप्रायो बघा. इथे मोठा आकडा म्हणजे मागची जागा. कालपासून पूल ज्याने जास्त वापरला त्याचा आकडा चढतो, आणि वापर थांबला की मूळच्या सेटिंगनुसार दिवसाला निम्म्याने उतरतो. तातडीचं काम असेल तर ‘-सेटफॅक्टर’ने त्या युजरचा गुणक कमी करा, दुसऱ्याचे जॉब काढून टाकू नका.

आयडल वेगळं आणि होल्ड वेगळं. होल्ड म्हणजे काहीतरी चुकलंय, माणसाने बघावं. ‘कॉन्डर_क्यू -होल्ड’ कारण छापतो आणि ते बहुतेकदा नेमकं असतं: अमुक फाइल उघडता आली नाही, मेमरीची मर्यादा ओलांडली. कारण दूर करा, मग कॉन्डर_रिलीज. मेमरीसाठी जॉब पुन्हा सबमिट करायची गरज नाही, कॉन्डर_क्यूएडिटने रिक्वेस्टमेमरी वाढवून सोडता येतो. चालू जॉबच्या आत डोकवायचं असेल तर कॉन्डर_एसएसएच_टू_जॉब. एवढ्यानेही कळलं नाही तर लॉगचा क्रम असा ठेवा: दारावर शॅडोलॉग, त्यातून मशिनचं नाव मिळेल, मग त्या गड्यावर स्टार्टरलॉग, ज्याच्या नावाच्या शेवटी स्लॉट जोडलेला असतो.

मशीन बाहेर काढताना

गडी१ व्यवस्थित चालला की बाकीचे गडी त्याच कॉन्फिगने जोडा. अन्सिबलसारखं साधन असेल तर कॉन्फिग.डी आणि टोकनं त्यातून पाठवा, हाताने केलेल्या बदलांचा माग पुढे राहत नाही.

दुरुस्तीसाठी एखादं मशीन काढायचं असेल तर थेट बंद करू नका. कॉन्डर_ड्रेन आणि मशिनचं नाव द्या. नवे जॉब येणं थांबतं आणि चालू असलेल्यांना त्यांच्या सवलतीपुरता वेळ मिळतो. विचार बदलला तर ‘-कॅन्सल’. एकही जॉब न तोडता डीमन थांबवायचे असतील तर ‘कॉन्डर_ऑफ -पीसफुल’. अपग्रेड करताना लक्षात ठेवा की मास्टर आपल्या डीमनांच्या बायनरी फाइलींवर लक्ष ठेवून असतो. त्या बदलल्या की तो स्वतःहून रीस्टार्ट करतो. हे तुमच्या सोयीने व्हावं असं वाटत असेल तर मास्टर_न्यू_बायनरी_रीस्टार्ट = नेव्हर करून ठेवा. वीज जाऊन किंवा केबल निघून मशीन अचानक तुटलं, तर त्याची शेवटची जाहिरात पंधरा मिनिटांपर्यंत कॉन्डर_स्टेटसमध्ये दिसत राहते. तेवढ्या वेळात तिथे जॉब का जात नाहीत म्हणून कुणी विचारलं तर आधी मशिनला पिंग करून बघा.